नऊ फुल्या

रोलांद ब्रीझब्वा हे नाव आमच्यापैकी कुणालाच धड उच्चारता येत नव्हतं, आणि त्याची गरजही कधी पडली नाही. आमच्याकडे, उत्तर ओंटारिओत, इंग्रजी शाळेत फ्रेंच शिकवायला जी बाई येते तिचं नाव मादाम. आधी एक होती तीही मादाम, पुढे येईल तीही मादामच. त्यामुळे आमच्या मादामना पहिलं नाव आहे हे मला सातवीत कळलं, तेही एका पाकिटावरून.

बाकी प्रत्येक शिक्षकाला आपला वर्ग असतो. भिंतीवर आपली चित्रं, खिडकीत आपली कुंडी, टेबलाच्या खणात आपली बिस्किटं. फ्रेंचला वर्ग नसतो. फ्रेंचला गाडा असतो. तीन कप्प्यांचा लोखंडी गाडा ढकलत मादाम एकोणीस वर्षं एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जात होत्या. वरच्या कप्प्यात लॅपटॉप, मधल्यात चित्रांची कार्डं आणि एक कान नसलेला कापडी ससा, खालच्यात प्लॅस्टिकची फळं आणि त्यांचा डबा. डब्यात पावाला लावलेला डुकराच्या मांसाचा मसालेदार लगदा. त्या हर्स्टकडच्या, फ्रेंच वस्तीतल्या; वडील लाकडाच्या गिरणीत. तिकडे तो घरोघरी खातात. आम्ही नाकं धरायचो.

"मादाम, गाड्यात काही मेलंय का?"

"हो, तुमची व्याकरणाची वही. तीन आठवडे झाले."

हजरजबाबी होत्या. म्हणूनच त्यांना छळायला मजा यायची. रडणाऱ्याला छळून दोन दिवसांत कंटाळा येतो.

मी सातवीत असताना प्रत्येक वर्गात डिजिटल फळा लागला. पांढरा, बोटाने चालणारा. वर छतावरून चित्र पडायचं आणि फळ्यावर बोट टेकवलं की ते माउससारखं काम करायचं. इतर शिक्षकांनी सप्टेंबरात आपला कॉम्प्युटर त्याला एकदा जोडला आणि विसरून गेले. मादामना तो रोज सात वेळा, सात खोल्यांत जोडावा लागे. एक वर्ग सुटून दुसरा लागेपर्यंत मिळणारी पाच मिनिटं, त्यातली दोन गाडा ढकलण्यात जायची.

तारा दोन. जाड तार चित्राची, बारीक तार स्पर्शाची. नुसती जाड लावली तर चित्र झकास दिसतं, पण फळ्यावर हातोडा मारला तरी काही हलत नाही. दोन्ही लावल्या की फळा फुल्या दाखवतो. एकामागून एक, नऊ. प्रत्येक फुलीच्या बरोबर मधोमध बोट दाबायचं, म्हणजे बोट कुठे पडलं की कुठे धरायचं हे कॉम्प्युटरला कळतं. हा हिशेब कॉम्प्युटरच्या पोटात राहतो, फळ्याच्या नाही. म्हणून दुसऱ्याचा कॉम्प्युटर लावला तर त्याचा हिशेब त्याच्यापाशी.

आम्हाला हे सगळं मादामच्या आधी कळलं होतं.

आमच्या वर्गातल्या काइसा लेह्टोच्या मनगटावर पोहण्याच्या शर्यतीचं घड्याळ होतं. गाड्याचं चाक दारात कुरकुरलं की ती बटण दाबायची, आणि पहिलं फ्रेंच चित्र फळ्यावर हललं की पुन्हा दाबायची. आम्ही पैज लावायचो, मधल्या सुट्टीच्या खाऊवर.

"साडेपाच."

"हट्, सात. मी बारीक तार अर्धी उपसून ठेवलीये."

अर्धी उपसलेली तार वरून लावल्यासारखीच दिसते. मादाम फळा दाबायच्या, हलायचा नाही. मग गुडघे टेकून टेबलाखाली जायच्या. वय अठ्ठावन्न. गुडघे वाजलेले शेवटच्या बाकापर्यंत ऐकू यायचे.

"मादाम, खाली काही हरवलंय का?" काइसा विचारायची.

"हो गं, माझं तारुण्य. दिसलं तर सांग."

पण ऑक्टोबरपर्यंत त्या दीड मिनिटावर आल्या. सकाळी सातला, शाळा उघडायच्या आत येऊन रिकाम्या वर्गात त्या तारा लावायच्या, काढायच्या, पुन्हा लावायच्या. राखणदाराने आम्हाला सांगितलं. आत आल्या की आधी वाकून तारेचं टोक घट्ट करायच्या, मग नऊ फुल्या टप टप टप, आणि वळून काइसाकडे बघायच्या.

"किती?"

"एक मिनिट बावीस," काइसा दात-ओठ खात म्हणाली.

"लिहून ठेव. उद्या वीसच्या आत."

पैजा बंद पडल्या. खाऊ ज्याचा त्याने खायला सुरुवात केली. काइसाने हे कधी माफ केलं नाही.

नोव्हेंबरात मादामच्या डोक्यात कुठे तरी एक बारीक रक्तवाहिनी बंद झाली. दीड महिना त्या आल्या नाहीत. जानेवारीत आल्या तेव्हा डोळ्यांवर जाड, तिरक्या काचांचा चष्मा होता. आणि त्यांनी अशी चूक केली जी गाड्यावरच्या माणसानेच करावी. त्यांच्या बाजूचं शाळेत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते आम्हाला सांगितलं.

"मुलांनो, मला कधी कधी एकाचे दोन दिसतात. एक खरं, एक जरा सरकलेलं. चष्म्याने पुष्कळ बरं आहे. गाडी चालवायला, शिकवायला डॉक्टरांची परवानगी आहे. पण पुन्हा दोन दिसायला लागले तर दोन्ही बंद. तेव्हा तुमची मदत लागेल."

"म्हणजे तुम्हाला काइसा दोन दिसतात?" मागून कुणी तरी ओरडलं.

"दोन काइसा दिसल्या तर मी आजच घरी जाईन."

सगळे हसले. काइसाही हसली, पण फक्त दातांनी.

मदत म्हणजे अशी. मादाम फळ्यावर बोटाने रेघ ओढायच्या, थांबायच्या आणि विचारायच्या, "सू मों द्वा?" रेघ माझ्या बोटाखालीच आहे ना? आणि आम्ही सव्वीस जणांनी ओरडायचं, "वी, मादाम!" किंवा नसेल तर, "नों, मादाम!" नों आलं की त्या तारा तपासायच्या, फुल्या परत दाबायच्या. त्यातून आमचं फ्रेंचही होत होतं. जानेवारीभर आम्ही खरं सांगितलं. का, ते मला आजही सांगता येत नाही. बहुधा खोटं सांगायला काही कारण नव्हतं म्हणून.

मग कारण मिळालं.

शाळेच्या टोकाला नऊ नंबरची खोली होती. तिच्यात बर्फावरच्या हॉकीचं सामान असायचं. पिशव्या, काठ्या, वाळायला टाकलेले घामट पॅड. आमचे वर्गशिक्षक हॅगर्ट सर संघाचे प्रशिक्षक, काइसा गोलरक्षक, अर्धा वर्ग संघात. मी नव्हते. मी उंच होते आणि मला स्केटिंग येत नव्हतं. त्या गावात याचा अर्थ मी जवळजवळ नव्हतेच.

फेब्रुवारीत मादाम गाडा ढकलत आल्या त्या गालांवर लाली घेऊनच. "मुख्याध्यापिका पॉलक बाईंनी सांगितलंय, पुढच्या वर्षीपासून फ्रेंचला खोली. नऊ नंबर. या महिन्यात त्या माझा एक तास बघायला बसतील. तो नीट झाला की पक्कं." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "तारा एकदाच जोडायच्या. भिंतीला पट्टीने चिकटवून टाकायच्या. पुन्हा हात लावायचा नाही. आणि एक खुर्ची. माझी खुर्ची."

"मग आमच्या पिशव्या कुठे?" काइसा म्हणाली.

"ते मी कसं सांगू, बाळ? एकोणीस वर्षं मी कुठे, हे मला कुणी विचारलं नाही."

हॅगर्ट सर दारात कोट घालत उभे होते. रोज मादाम आल्या की त्यांना आपली खोली सोडावी लागे, आणि रोज परतल्यावर आपल्या तारा पुन्हा लावाव्या लागत. ते आमच्याकडे बघून म्हणाले, "पिशव्या बर्फात ठेवू. आणि ज्यांना एकाचे दोन दिसतात त्यांना खोली देऊ. म्हणजे त्यांना दोन मिळतील."

वर्ग खो खो हसला. मादामही हसल्या. हसून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

तपासणीचा तास फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी, दिवसातला शेवटचा. बाहेर उणे एकतीस होतं, त्यामुळे दुपारची सुट्टी वर्गातच. मादाम सुट्टीतच आल्या. निळा स्वेटर, ओठांना रंग. दोन्ही तारा लावल्या, फुल्या दाबल्या, रेघ ओढली.

"सू मों द्वा?"

"वी, मादाम!" तेव्हा खरंच होती.

"छान. मी पॉलक बाईंना घेऊन येते. डार्सी, इकडे लक्ष ठेव. तारेला कुणाचा पाय लागू देऊ नकोस."

डार्सी म्हणजे मी. फुल्या दाबताना त्या मला बऱ्याचदा शेजारी उभं करायच्या. म्हणायच्या, या मुलीचा चेहरा खोटं बोलू शकत नाही.

दार लागलं तशी काइसा उठली. "डार्सी, वरच्या तीन फुल्यांना माझा हात पोचत नाही."

"कुठल्या फुल्या?"

"वेड पांघरू नकोस. पुन्हा मांडायच्या. प्रत्येक फुलीच्या चार बोटं डावीकडे आणि चार बोटं खाली दाबायचं. सगळ्या सारख्याच. मग बाई इथे बोट लावेल आणि रेघ तिथे उमटेल."

"ती विचारेल ना. आपण नों म्हणालो की—"

"आपण वी म्हणायचं." काइसा वर्गाकडे वळली. तिचा आवाज वाढला नाही. "ऐका रे. कुणी हसायचं नाही. जो हसेल त्याची काठी मी मोडीन. विचारलं की वी. प्रत्येक वेळी वी." आणि तिने फळ्यावर फुल्या सुरू केल्या.

मी हॅगर्ट सरांकडे बघितलं. ते टेबलापाशी पेपर लावत बसले होते, सहा फुटांवर. त्यांनी मान वर केली. काइसाकडे बघितलं, फळ्यावरच्या पहिल्या फुलीकडे बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील. मी वाट बघत होते, त्यांनी ओरडावं म्हणून.

"हात स्वच्छ आहेत ना?" ते म्हणाले. "फळ्यावर डाग पडायला नकोत." आणि पेपर उचलून बाहेर गेले.

"चल, लंबू," काइसा म्हणाली. "या शनिवारी मॅच आहे. आमच्याबरोबर बसमधून ये."

दोन वर्षांत मला कुणी त्या बसमध्ये बोलावलं नव्हतं. वरच्या तीन फुल्या मी दाबल्या, खालच्या सहा काइसाने. चार बोटं डावीकडे, चार बोटं खाली. अगदी मोजून.

पॉलक बाई मागच्या बाकावर बसल्या, मांडीवर फॉर्म. या फळ्यांच्या खरेदीवर सही त्यांचीच होती, पण त्याला त्यांनी बोट कधी लावलं नव्हतं. आणि फ्रेंचचं त्यांना 'बोंझूर'च्या पुढे काही येत नव्हतं.

फळ्यावर एक टोपली होती, आणि भोवती खायच्या वस्तू. सफरचंद, मासा, अंडं, पाव. मादाम हसून म्हणाल्या, "ला पोम!" सफरचंदावर बोट टेकवून त्या ते टोपलीकडे ओढायला लागल्या. सफरचंद जागचं हललं नाही. वरचा उजवीकडचा मासा निघाला आणि टोपलीच्या बाहेर जाऊन पडला.

कुणी हसलं नाही.

मादाम थांबल्या. पेन निवडायला गेल्या, खोडरबर आलं. दुसऱ्यांदा पेन मिळालं. एक आडवी रेघ ओढली. बोट खाली, रेघ वर, चार बोटं सरकलेली. त्या रेघेकडे बघत राहिल्या. मग आमच्याकडे वळल्या.

"सू मों द्वा?"

"वी, मादाम!"

पॉलक बाईंनी मान डोलावून फॉर्मवर काही तरी टिपलं. मुलं किती छान भाग घेतात, असं असावं.

मादामनी चष्मा सारखा केला. पुन्हा रेघ. "सू मों द्वा?" आवाज जरासा बारीक झाला होता.

"वी, मादाम!"

मग त्यांनी ते केलं जे डॉक्टरांनी शिकवलं होतं. डावा डोळा हाताने झाकला. एकाच डोळ्याने बघितलं की दोनाचं एक होतं, हे आम्हाला त्यांनीच सांगितलेलं. उजव्या डोळ्याने त्यांनी बोट बघितलं, रेघ बघितली. मग उजवा झाकून डाव्याने बघितलं. रेघ तिथेच. चार बोटं लांब. त्यांच्या ओठांवरचा रंग एकदम वेगळा दिसायला लागला, कारण बाकीचा चेहरा पांढरा पडला. आता एकेका डोळ्यालाही सरकलेलंच दिसतं, असंच त्यांना वाटलं असणार. दुसरं काय वाटणार? सव्वीस मुलं सांगत होती.

त्या एकदा टेबलाकडे, तारांकडे वळल्या. मला वाटलं, फुल्या परत मांडतात.

"तारा ठीक आहेत, मादाम," काइसा गोड आवाजात म्हणाली. "आम्ही लक्ष ठेवलं होतं."

"चालू द्या, चालू द्या," पॉलक बाई मागून म्हणाल्या. "वीसच मिनिटं आहेत."

मादामनी चालू ठेवलं. अंडं म्हणाल्या, पाव निघाला. पाव म्हणाल्या, हाती काहीच लागलं नाही. शब्दाखाली रेघ मारायला गेल्या ती शब्दावरून आरपार गेली, आमच्यासमोर त्यांनी 'ल पँ', म्हणजे पाव, खोडून टाकला. तरी त्या प्रत्येक वेळी विचारत होत्या, आणि आम्ही प्रत्येक वेळी सांगत होतो. शेवटी शेवटी विचारताना त्या फळ्याकडे बघतच नव्हत्या. आमच्याकडे बघत होत्या.

तास संपल्यावर पॉलक बाईंनी हॅगर्ट सरांना बोलावलं. "जरा बघता का, फळा बिघडलाय का?" सरांनी मादामच्या तारा काढल्या, आपल्या कॉम्प्युटरला लावल्या, रेघ ओढली. बोटाखालीच उमटली.

"माझ्याकडे तर चोख चालतोय," ते म्हणाले. एक शब्दही खोटा नव्हता.

मादामनी फळ्याकडे बघितलंच नाही, नुसतं ऐकलं. त्यांनी लॅपटॉप मिटला, दोन्ही हातांनी गाड्यात ठेवला. "पॉलक बाई, मला तुमच्याशी बोलायचंय," म्हणाल्या. त्या दिवशी त्यांची गाडी शाळेतच राहिली. पंधरा किलोमीटरवरच्या घरी त्या टॅक्सीने गेल्या.

शनिवारी मी बसमध्ये बसले. सगळ्यात मागे, पिशव्यांशेजारी.

दहा दिवसांनी मादाम आल्या, शाळेचा लॅपटॉप परत द्यायला आणि गाडा रिकामा करायला. तो लॅपटॉप त्यानंतर कुणी उघडून बघितला नाही. तसाच पुसून नव्याने भरायला पाठवला. मला ऑफिसातून पाकीट घेऊन त्यांच्याकडे पाठवलं होतं. पाकिटावर लिहिलं होतं, रोलांद ब्रीझब्वा. त्या नऊ नंबरच्या दारापाशी खोक्यात कार्डं भरत होत्या.

"डार्सी. बरं झालं तू आलीस." त्यांनी माझ्या हातातून पाकीट घेतलं, पण उघडलं नाही. "सडबरीच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. मोठा माणूस आहे. तो म्हणतो, डोळे जानेवारीपेक्षा बरे आहेत. दोन्ही. तो म्हणतो, नोकरी करा, गाडी चालवा."

मी गाड्यातल्या सशाकडे बघितलं.

"म्हणजे एक तर डॉक्टर चुकतोय. नाहीतर..." त्यांनी पाकीट उलटसुलट केलं. त्या या वेळी फ्रेंचमध्ये बोलत नव्हत्या. "मी फक्त तुला विचारते. तुझं ऐकेन. त्या दिवशी रेघ माझ्या बोटाखाली होती?"

पाकिटात काय आहे ते मला माहीत होतं. ऑफिसातल्या बाईंनी माझ्यासमोरच भरलं होतं. तब्येतीच्या कारणाने नोकरी सोडण्याचा फॉर्म. सही झालेली नव्हती. नऊ नंबरचं दार उघडं होतं, आतून घामट वास येत होता, आणि त्या उभ्या होत्या तिथून खिडकी दिसत होती, खुर्ची ठेवता आली असती अशी. एक शब्द लागला असता.

बुधवारी पुन्हा मॅच होती.

"होती, मादाम," मी म्हणाले. "बरोबर बोटाखाली."

त्यांनी श्वास सोडला. खांदे खाली आले. मला वाटलं रडतील. त्या हसल्या, आणि माझ्या गालावर हात ठेवला.

"देवाची कृपा. तुला सांगते, दहा दिवस मी नको नको ते मनात आणत होते. तुमच्याबद्दल. मुलांबद्दल! मला माफ कर हं. डोळे गेले तर गेले, माणूस त्याची सवय करतो." त्यांनी पाकीट फाडलं, फॉर्म भिंतीला टेकवला. सही करताना दोनदा थांबल्या, पेन कागदावर कुठे टेकलंय ते बोटाने चाचपून बघितलं. "ठीक आली?"

"ठीक आली."

एप्रिलमध्ये त्यांनी गाडी विकली आणि हर्स्टला बहिणीकडे राहायला गेल्या. गाडीत बसायच्या तेव्हा म्हणे मागच्या सीटवर, डोळे मिटून. बहिणीने पॉलक बाईंना फोनवर सांगितलं, पॉलक बाईंनी आम्हाला, आणि मग म्हणाल्या, सगळ्यांनी मिळून एक कार्ड पाठवू या. काइसाने त्यावर एक ससा काढला. छान काढला होता.

नवीन मादाम मिळेपर्यंत फ्रेंचच्या तासाला हॅगर्ट सर गणित घेणार, हे त्याच दिवशी कळलं. तेव्हा मात्र वर्गात खरोखर हळहळ झाली. कुणी तरी बाकावर डोकं आपटलं.

"रोज दोन-दोन तास गणित?" काइसा म्हणाली. "हा काय अन्याय आहे, सर!"